हिरड्यांच्या आजारात रक्तवाहिन्या दुरुस्त करणाऱ्या पेशी वाढतात म्हणे. मग ते चांगलं की वाईट?

कृष्णाकाठचा_कारकून

नमस्कार मंडळी. वय ५२, कराडला पतपेढीत नोकरी. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. शुगरची गोळी नुकतीच सुरू झाली, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.४. तंबाखू नाही, सुपारी लग्नकार्यात कधीतरी.

हिरड्यांतून रक्त येतं हे बरेच दिवस माहीत होतं, पण मनावर घेतलं नाही. परवा पेरू खाताना चावलेल्या जागी लाल ठसा दिसला. धाकटी मुलगी शेजारी बसली होती, ती किंचाळलीच. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सुई घालून सगळं मोजलं, काही ठिकाणी ५ नि ६ मिलिमीटर निघालं, आणि "पेरिओडोंटायटिस, म्हणजे हिरड्यांचा खोलवर गेलेला आजार आहे, खोलवर साफसफाई करावी लागेल" म्हणाले. हृदयाचाही विषय काढला.

घरी येऊन वाचत बसलो आणि तिथेच गाडी अडली. एका ठिकाणी लिहिलंय की रक्तात फिरणाऱ्या काही पेशी असतात, ईपीसी की काय, त्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुरुस्त करतात आणि जितक्या जास्त तितकं हृदयाला बरं. दुसरीकडे लिहिलंय की हिरड्यांचा आजार असलेल्यांत या पेशी जास्त सापडतात आणि उपचार केले की कमी होतात. आता मला सांगा, याचा अर्थ मी साफसफाई करून माझेच दुरुस्तीवाले घालवतोय का? मेहुणे तर म्हणतातच की दात साफ केले की हलायला लागतात. त्यांना आयतंच कोलीत मिळालं.

आणि या पेशी मोजायची तपासणी कुठे होते का? पैसे किती लागतात?

गुळवेढा

दादा, पेशीबिशी मोजण्यापेक्षा मोहरीचं तेल आणि सैंधव रोज सकाळी हिरड्यांना चोळा. आमचे आजोबा ८८ व्या वर्षी ऊस सोलून खायचे.

दंतकथा

मी सांगलीत पेरिओची प्रॅक्टिस करते, म्हणजे हिरड्यांची डॉक्टर. तुमचा प्रश्न आमच्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

तुम्ही वाचलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोळ आहे तो "जास्त म्हणजे चांगलं" या समजुतीत.

आधी त्या पेशींचं. १९९७ सालापर्यंत सर्वसाधारण समज असा होता की मोठ्या माणसात रक्तवाहिनीचं अस्तर शेजारच्या अस्तराच्या पेशींतूनच भरून निघतं. त्या वर्षी बॉस्टनमध्ये काम करणारे ताकायुकी असाहारा आणि जेफ्री आयस्नर यांच्या गटाने रक्तातूनच अशा पेशी वेगळ्या काढल्या, ज्या अस्तरासारख्या पेशी बनू शकत होत्या. त्या अस्थिमज्जेतून येत असाव्यात असं त्यांचं म्हणणं होतं. मग धडाका लागला. २००३ मध्ये अमेरिकेत हृदयविकार नसलेल्या ४५ पुरुषांचा अभ्यास झाला. ज्यांचा हृदयविकाराचा अंदाजे धोका जास्त, त्यांच्यात या पेशी कमी. २००५ मध्ये जर्मनीत कोरोनरी आजार, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ५१९ रुग्णांवर वर्षभर नजर ठेवली. ज्यांच्या रक्तात या पेशी जास्त होत्या, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. "जितक्या जास्त तितकं बरं" हे तुम्ही वाचलंत ते इथून आलेलं.

आता हिरड्या. हाँगकाँगमध्ये, मध्यम ते तीव्र पेरिओडोंटायटिस असलेल्या पण एरवी धडधाकट लोकांमध्ये सीडी३४ खूण (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, त्यावरून या पेशी ओळखतात) असलेल्या पेशी रक्तात वाढलेल्या दिसल्या आणि हिरड्यांच्या उपचारानंतर काही महिन्यांनी त्या उतरल्या. अभ्यास छोटा आहे, पण तुम्ही वाचलेली दुसरी गोष्ट तीच.

याचा अर्थ कसा लावायचा? वादळात रस्त्यावर वायरमनच वायरमन दिसले म्हणून कोणी "वा, आपल्याकडे वीज काय मस्त आहे" असं म्हणत नाही. पेशी जास्त म्हणजे बोलावणं जास्त. हार्ट अटॅक आल्यावरही पुढच्या काही दिवसांत रक्तात या पेशी वाढतात, हे जपानमध्ये २००१ मध्येच दिसलं होतं. म्हणून अटॅक येणं चांगलं असं कोणी म्हणेल का? उलट वर्षानुवर्षं मधुमेह किंवा सिगारेट असेल तर या पेशी कमी पडतात आणि ज्या उरतात त्याही धड काम करत नाहीत. म्हणजे आकडा वर जाण्याची कारणं वेगळी आणि खाली येण्याची वेगळी. तुमच्या हिरडीतलं पू-रक्त थांबलं आणि त्यापाठोपाठ तो आकडा खाली आला, तर दुरुस्तीवाले गेले असं नाही, बोलावणं थांबलं असं समजा.

आता हे बोलावणं हिरडीतून मज्जेपर्यंत जातं कसं? तुम्हाला ५-६ मिलिमीटर निघालेत ना, त्या आम्ही म्हणतो तशा "पॉकेट्स". दात आणि हिरडी यांच्यातली फट. निरोगी माणसात १ ते ३ मिलिमीटर. फट खोल गेली की आतलं अस्तर जागोजागी फाटलेलं, रक्ताळलेलं असतं आणि पलीकडे जंतूंचा थर. सगळ्या दातांभोवतीचं हे अस्तर एकत्र मांडलं तर पेरिओडोंटायटिसच्या रुग्णात साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. काही ठिकाणी तळहाताएवढी जखम असं छापतात, ते फुगवलेलं आहे. पण अगदी ८ चौरस सेंटिमीटरचं उघडं गळू तुमच्या पोटरीवर असतं, तर तुम्ही पेरूची वाट पाहिली असती का? तोंडात असतं म्हणून चालतं. चावताना, ब्रश करताना तिथून जंतू थोडे थोडे रक्तात जातात, आयएल-६ सारखे दाहाचे निरोप जातात, यकृत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन सोडतं, आणि मज्जेलाही ते ऐकू जातं.

मज्जेचं एक काम मला फार आवडलं, २०२२ चं, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले हाजिशेंगालिस आणि जर्मनीत ड्रेस्डेनचे चवाकिस यांच्या गटांचं. उंदरांच्या दाढेला दोरा बांधून हिरड्यांचा आजार आणला, मग त्यांची अस्थिमज्जा निरोगी उंदरांत बसवली. त्या नव्या उंदरांच्या हिरड्या चांगल्या होत्या, तरी सांध्यांना सूज आणल्यावर ती इतरांपेक्षा जास्त आली. म्हणजे हिरडीच्या आजाराची आठवण मज्जेत राहिली होती. उंदीर आहेत, माणसं नाहीत, आणि तिथे मोजल्या त्या पांढऱ्या पेशी, तुमच्या ईपीसी नव्हेत. पण हिरडी आणि मज्जा यांचं बोलणं चालू असतं एवढं त्यातून पक्कं दिसतं.

आणि @गुळवेढा, तेल-मीठ चोळायला माझी ना नाही, पण बोट पोचतं हिरडीच्या काठापर्यंत. ५ मिलिमीटर आत घट्ट चिकटलेलं किटण त्याने सुटत नाही. आजोबांची हाडं चांगली होती, तेलाला श्रेय देऊ नका.

मेहुण्यांचं उत्तर संध्याकाळी देते, पेशंट आलेत.

फ्लोवाला

पुण्यात रक्तविकारांच्या लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्री करतो, म्हणजे मशीनमधून एकेक पेशी पळवून तिच्यावरच्या खुणा मोजतो. तपासणीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. नका करू. सरळ सांगायचं तर ही तुमच्यासाठी बनलेली तपासणीच नाही.

आमच्याकडे सीडी३४ रोज मोजतात, पण ते बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी. दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मज्जेतल्या पेशी रक्तात उतरतात, आणि किती उतरल्या ते बघून मशीनवर कधी घ्यायचं ते ठरतं. तिथे आकडा मोठा असतो, निर्णय स्पष्ट असतो. तुमच्या रक्तातल्या त्या अस्तरवाल्या पेशी म्हणजे सीडी३४ आणि शिवाय केडीआर ही दुसरी खूण असलेल्या. एका जातीच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढल्या तर त्यात दहा हजारांत एक ते दहा लाखांत एक एवढ्याच. लाखो पेशी मशीनमधून पळवायच्या आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे ठिपके पडद्यावर. गेट, म्हणजे कुठले ठिपके मोजायचे ती पडद्यावरची चौकट, केसभर सरकवलं की निकाल दुप्पट. सकाळचं रक्त आणि जिना चढून आल्यावरचं रक्त यातही फरक पडतो.

शिवाय सीडी३४ वाल्या बहुतेक पेशी रक्तपेशींच्या आया आहेत, अस्तराच्या नव्हेत. खरोखर अस्तर बनवणारी जात रक्तातून वाढवायची तर कोलॅजन लावलेल्या प्लेटवर दोन-तीन आठवडे वाट बघावी लागते, तेव्हा कुठे फरशीसारखी एकसंध वसाहत दिसते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या योडर यांच्या गटाने हेच दाखवलं की ज्यांना लोक ईपीसी म्हणत होते त्यातल्या बऱ्याचशा पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या आहेत. त्या रक्तवाहिनीला मदत करतात, पण स्वतः अस्तर होत नाहीत. २०१७ मध्ये तर या क्षेत्रातल्याच लोकांनी एकत्र येऊन "ईपीसी हे सरसकट नाव वापरणं बंद करा" असं छापलं.

कोणी "तुमच्या दुरुस्ती पेशी मोजून देतो, मग स्टेम सेल देऊन वाढवतो" म्हणालं तर पाकीट घट्ट धरा आणि बाहेर पडा.

कृष्णाकाठचा_कारकून

दोघांचेही आभार. वायरमन लक्षात राहिला. आमच्या गल्लीत २०१९ च्या पुरात आले होते, तेव्हा सगळे त्यांना चहा पाजत होते आणि घरात अंधार होता.

मग एक शंका. दुरुस्तीवाल्यांचं सोडा, खुद्द रक्तवाहिनीला साफसफाईने फरक पडतो का? ते कोणी मोजलंय?

दंतकथा

मोजलंय, आणि छान मोजलंय. लंडनमध्ये, निकाल २००७ मध्ये छापला. तीव्र पेरिओडोंटायटिस असलेले १२० जण. अर्ध्यांना नेहमीची वरवरची साफसफाई, अर्ध्यांना एकाच बैठकीत भूल देऊन सगळ्या तोंडाची खोल साफसफाई, न वाचणारे दात काढणं आणि पॉकेटमध्ये प्रतिजैविक. मग दंडाची रक्तवाहिनी सोनोग्राफीवर बघायची. हातावर बीपीसारखा पट्टा ५ मिनिटं आवळून धरायचा, सोडायचा, आणि रक्ताचा लोंढा आल्यावर वाहिनी किती रुंदावते ते मोजायचं. अस्तर ठणठणीत असेल तर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी छान फुलते. आजारी अस्तर ढिम्म राहतं.

२४ तासांनी काय दिसलं? खोल साफसफाईवाल्यांची वाहिनी *कमी* रुंदावली, दुसऱ्या गटापेक्षा १.४ टक्के अंकांनी. सीआरपी, आयएल-६ वर. साहजिक आहे, एवढं खरवडल्यावर जंतू आणि त्यांचा कचरा रक्तात जाणारच. पण ६० दिवसांनी हाच गट ०.९ ने पुढे, आणि १८० दिवसांनी २.० ने पुढे. आधी थोडं बिघडतं, मग सुधारतं.

इथे मला कोणाला खोटी आशा दाखवायची नाही. वाहिनी जास्त फुलली म्हणजे अटॅक टळला, असं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून हेच म्हटलं: हिरड्यांचा आजार आणि हृदयविकार यांचा संबंध इतर कारणं वजा करूनही उरतो, पण हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो हे सिद्ध झालेलं नाही. माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर हृदय आणि दाताचं चित्र नाही ते म्हणूनच. काही सहकाऱ्यांच्या भिंतीवर आहे, असो.

तुमच्यासाठी मात्र शुगरचा मुद्दा जास्त पक्का आहे. मधुमेहींमध्ये हिरड्यांवर उपचार केले की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो. ३५ अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये हे पुन्हा तपासलं गेलं. तुमचे ७.४ आहेत. हिशेब बँकेतल्या माणसाला सांगायला नको.

आता मेहुणे. दात साफसफाईने हलत नाहीत. दाताला धरणारं हाड आजाराने आधीच झिजलेलं असतं, आणि किटणाने दात एकमेकांना चिकटून बांधलेले असतात. किटण काढलं की हाड किती उरलंय ते उघड होतं, आणि सुजलेली हिरडी खाली बसून फटी दिसतात. दोष झिजेचा, नाव साफसफाईचं. उशिरा आलेल्या पेशंटला हे आधी सांगितलं नाही तर तो गावभर डॉक्टरची कीर्ती करतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन! काही लोकांत या गोळीने हिरड्या फुगतात, दातांवर चढतात, विशेषतः पुढच्या दातांमध्ये. फुगलेल्या हिरडीखाली ब्रश जात नाही आणि आजार बळावतो. आरशात दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोण जाड, गोलसर झालाय का बघा. झाला असेल तर तुमच्या फिजिशियनना दाखवा, दुसऱ्या जातीची गोळी असते. स्वतःहून बंद करू नका. हे मुद्दाम ठळक करते, कारण इथले लोक अर्धं वाचून गोळ्या फेकतात.

आक्का_इचलकरंजी

डॉक्टर बाई, मी दिवसातून दोनदा मशेरी लावते, लग्नाआधीपासून. माझ्या हिरड्यांतून कधीच रक्त येत नाही. मग माझ्या हिरड्या चांगल्याच म्हणायच्या ना? सून रोज भांडते यावरून.

दंतकथा

आक्का, सुनेच्या बाजूने बोलते, रागावू नका. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून आजार असूनही रक्त कमी येतं. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तर हे नेहमी दिसतं: वरून हिरडी फिकट, घट्ट, गप्प, आणि आत मोजलं तर ७ मिलिमीटर. रक्त येत नाही हे तुमच्या बाबतीत आश्वासन नाही, उलट खूण हरवल्यासारखं आहे. एकदा मोजून घ्या. आणि मशेरी लावता त्या जागी पांढरा चट्टा असेल, बोटाला खरखरीत लागत असेल, तर हिरड्यांच्या आधी तो दाखवा.

आणि या धाग्याच्या मूळ विषयाला धरून: जपानमध्ये २००४ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांच्या रक्तातल्या याच दुरुस्ती पेशी बघितल्या. चार आठवड्यांत वाढल्या. जास्त ओढणाऱ्यांपेक्षा कमी ओढणाऱ्यांत जास्त वाढल्या. इथे मात्र वाढ चांगलीच, कारण आधी त्या दाबल्या गेलेल्या होत्या. @कृष्णाकाठचा_कारकून, बघा, तोच आकडा आणि अर्थ उलटा. नुसता आकडा घेऊन बसण्यात काही हशील नाही.

आक्का_इचलकरंजी

चार आठवडे सोडून बघते. सुनेला सांगू नका.

कृष्णाकाठचा_कारकून

आरशात बघितलं. खालच्या पुढच्या दातांमध्ये हिरडी फुगलेली आहे, इतके दिवस वाटायचं आपली ठेवणच तशी. फिजिशियनना फोन केला, शनिवारी बोलावलंय.

दातांचे डॉक्टर म्हणतात सगळं एकाच दिवशी करून टाकू. पण त्या लंडनच्या २४ तासांचं वाचून जरा धास्तावलोय. आणि वडिलांचंही विचारायचं होतं. त्यांना गेल्या वर्षी स्टेंट बसवलाय, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू. त्यांच्याही हिरड्या तशाच. त्यांनी साफसफाईआधी गोळ्या थांबवायच्या का? आधी प्रतिजैविक घ्यायचं का?

दंतकथा

तुमचं आधी. तुम्हाला अटॅक आलेला नाही, बीपी आटोक्यात आहे, तर एका दिवसात केलं तरी घाबरण्यासारखं नाही. तरी मी स्वतः दोन बैठकांत करते, उजवी बाजू, मग डावी. शास्त्रापेक्षा सोय जास्त: एका बाजूने जेवता येतं. डॉक्टरांना तसं सांगा, कोणी नाही म्हणत नाही. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून, गोळ्या घेऊन जा. उपाशी पोटी शुगरची गोळी घेऊन खुर्चीत बसू नका.

वडिलांच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. स्टेंटवाल्याने अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मनाने थांबवणं हे हिरडीतून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. रक्त दाबून थांबतं, स्टेंटमध्ये झालेली गुठळी दाबून थांबत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा, आणि दातांच्या डॉक्टरांना गोळ्यांचा कागद दाखवा. नुसत्या स्टेंटसाठी आधी प्रतिजैविक लागत नाही. कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाला असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांची साफसफाई मात्र तुकड्यातुकड्यात, थोडी थोडी. ते २४ तास त्यांच्या बाबतीत मी हलक्यात घेणार नाही.

आणि जाताना चार्टची प्रत मागा. प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजलेल्या असतात, प्रत्येक जागेचा आकडा आणि रक्त आलं का याची टिंब. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतात. तेव्हा ५ चे ३ झाले आणि टिंबं गेली, तर तुमच्यासाठी तीच तपासणी. सुईवरच्या रेघाही बघून ठेवा, त्यावर ४ आणि ६ च्या रेघा मुद्दाम गाळलेल्या असतात, वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून. सगळ्याच सुया तशा नसतात, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच.

कृष्णाकाठचा_कारकून

मग मला ६ निघाले ते त्यांनी अंदाजे सांगितले का?

दंतकथा

५ आणि ७ च्या रेघांच्या मधोमध हिरडीचा काठ दिसला की ६. पतपेढीत पैसे मोजताना तुम्हीही प्रत्येक नोटेवर रेघ मारत नाही ना?

कृष्णाकाठचा_कारकून

पटलं. बुधवारी सकाळी साडेनऊची वेळ घेतली, आधी उजवी बाजू. चार्टचा फोटो इथे टाकू का?

दंतकथा

टाका. वरचं नाव आणि फोन नंबर झाकून.